शाळेत मुलाची बसण्याची जागा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की, खेड्यापाड्यांतील वस्त्यांतून आणि शहरांतील चाळींतून मुलांची बोटे धरून शाळेकडे निघालेले आईबाप दिसू लागतात. मुलाच्या पाठीवर नवे दप्तर असते, बापाच्या पिशवीत जन्माचा दाखला आणि आधार कार्ड असते, आणि आईच्या मनात या मुलाने आपल्यासारखे राहू नये एवढी एकच इच्छा असते. मुख्याध्यापक नाव लिहून घेतात, मूल वर्गात जाऊन बसते आणि आईबाप आपापल्या कामाला लागतात. मुलाचे नाव हजेरीपटावर चढले म्हणजे आपले कर्तव्य झाले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, किंबहुना ती घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे मत मी बाहेरून पाहून बनविलेले नसून प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून आयुष्य घालवून बनविलेले आहे.

नाव तर बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही शाळेच्या पटावर होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचा प्रवेश झाला. हाच दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. प्रवेशाला कोणी नकार दिला नाही. फी घेतली गेली, हजेरी लागली, परीक्षाही झाली. परंतु वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांमध्ये बसण्याची मुभा त्यांना नव्हती. कोपऱ्यात एकट्याने बसायचे, तेही घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात. या मुलाला मात्र शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई जागेवर नसला तर तो दिवस तसाच काढावा लागे. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविले आहे. त्यात माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट म्हणजे तो रोज घरी न्यावा लागणारा तरटाचा तुकडा. शाळेतील अपमान त्या बालकाला शाळेत ठेवून येण्याचीही सोय नव्हती. तो काखेत मारून घरी न्यावा लागे.

प्रवेशाचा हक्क मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांना किती काळ झगडावे लागले, याची जाणीव नव्या पिढीच्या आईबापांना असली पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास महार-मांगांच्या मुलांसाठी १८५२ साली शाळा काढली आणि त्याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. पण सरकारी शाळेचे दार तेव्हाही बंदच होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. प्रकरण वर गेले. शेवटी १८५८ मध्ये, जी शाळा सर्वस्वी सरकारी खर्चाने चालते ती सर्वांना खुली राहील, असे जाहीर करणे सरकारला भाग पडले. घोषणा झाली आणि शाळांचे ओटे मात्र होते तेथेच राहिले. १८८२ च्या हंटर आयोगाने तत्त्व मान्य केले, पण सावधगिरीचा सल्ला देऊन निराळ्या शाळांची वाट दाखविली. ही निराळ्या शाळांची प्रथा मोडण्याचे धैर्य दाखविले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १९१९ साली त्यांनी आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. एका पंक्तीत बसल्यावाचून समता शिकता येत नाही, हे त्या राजाला उमगले होते. पुढे १९२३ चा बोले ठराव आला, त्यातही शाळांचा उल्लेख होता, आणि त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणूनच महाड घडले.

आज कायद्याची उणीव नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव आहे, शाळेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे; त्याने मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोहोंनाही बंदी केली आणि दुर्बल घटकांतील मुलाशी शाळेत भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली. इतके कवच अंगावर असूनही राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा शिक्षकाच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून मारले, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. साताऱ्याच्या नळापासून या माठापर्यंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

परंतु अशा भयंकर घटनांवरूनच शाळेची परीक्षा करावयाची सवय आपण लावून घेतली, तर एक मोठी फसगत होते. आमच्या गावात असे काही नाही, असे म्हणून आपण निश्चिंत होतो. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत माठ एकच आहे, टाटपट्टीही एकच आहे, ही गोष्ट मी आनंदाने मान्य करतो. पण टाटपट्टी एक असली तरी तिच्यावर पहिल्या रांगेत कोण आणि भिंतीकडेला कोण, हे कोणी पाहिले आहे काय? परिपाठाला प्रतिज्ञा म्हणावयास कोणाचे मूल उभे राहते? वर्ग झाडण्याची पाळी सर्वांवर सारखी येते, की गुरुजींच्या तोंडी ठरावीक तीनचार नावे येतात? मुतारीत पाणी टाकावयास कोणाला पाठवितात आणि साहेब आले म्हणजे त्यांच्या हाती फुलांचा गुच्छ द्यावयास कोणाला? यांतील एकही गोष्ट फौजदारी गुन्हा म्हणून पोलीस ठाण्यात लिहून घेतली जाणार नाही. आणि तरीही सात-आठ वर्षांचे मूल आपली जागा कोणती हे यांतूनच शिकते.

येथे मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. मी बौद्ध कुटुंबातील शिक्षक. घरात बाबासाहेबांची तसबीर, ओठी त्रिसरण. असे असून मी वर्षानुवर्षे वर्गात उभा राहून मोठ्याने सांगत आलो, "शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत, एस.सी.ची मुले उभी राहा." माझ्या आधीचे गुरुजी असेच म्हणत, म्हणून मीही म्हणत होतो. त्यात कोणाचा अवमान होतो, हे मनात आले नाही. उलट मुलांच्या हिताचेच काम करतो आहे असे वाटे. एका वर्षी पाचवीच्या वर्गातील एक मुलगी उभी राहिली नाही. मी नाव घेतले, ती खाली पाहत राहिली. पुन्हा विचारले तर "माझे नाही, गुरुजी" एवढेच म्हणाली. अर्जाची मुदत टळली आणि त्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती गेली. मला राग आला. तिच्या आईला बोलावून मी सुनावले की, हक्काचे पैसे तुमच्या मुलीने हट्टाने घालविले. आई शेतमजुरी करणारी, न शिकलेली. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, ती उभी राहिली त्या दिवसापासनं तिची मैतरीण तिच्या डब्यातलं खात न्हाई. औंदा ती शाळाच सोडीन म्हणती." चौथीतही मीच तिला उभे केले होते.

त्या मुलीने शाळा सोडली नाही, हे तिचे आणि तिच्या आईचे कर्तृत्व, माझे नव्हे. त्यानंतर मी अर्जांची यादी कार्यालयातील रजिस्टरवरून करू लागलो आणि पालकांना एकेकटे बोलावून सह्या घेऊ लागलो. याला जास्तीचा एक दिवस लागतो. एवढ्या एका दिवसाच्या आळसापायी किती मुलांना मी भर वर्गात उभे केले असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. सवलत हा हक्क आहे, तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही, हे आपण मुलांना अवश्य शिकवावे. परंतु ते धैर्य नऊ वर्षांच्या मुलीकडून चाळीस जणांच्या देखत वसूल करण्याचा अधिकार कोणाही शिक्षकाला नाही.

याच रजिस्टरासंबंधी नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रवेशाच्या वेळी धर्माचा रकाना पुष्कळदा न विचारताच 'हिंदू' असा भरला जातो; आणि आपण 'बौद्ध' सांगितले तर सवलती जातील या भीतीने आईबापही गप्प बसतात. एके काळी ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींना आपला समाज कितीतरी वर्षे मुकला होता. परंतु १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचे हक्क लागू झाले आहेत. जातीच्या दाखल्यासाठी वाडवडिलांच्या जुन्या शालेय नोंदी लागतात, त्या जपून ठेवाव्यात, त्यांत खाडाखोड करू नये. मुलाचा धर्म मात्र जो असेल तोच सांगावा आणि लिहिलेला वाचून घ्यावा. घरी पंचशील म्हणावयाचे आणि शाळेत दुसरेच काही लिहू द्यावयाचे, यातून मुलाच्या मनात जो गोंधळ उत्पन्न होतो त्याला आपणच जबाबदार ठरतो.

पोषण आहाराविषयी थोडे लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. या दुसऱ्या आदेशाची माहिती आपल्या वस्त्यांतून फारच थोड्यांना आहे. त्यामागील हेतू केवळ रोजगाराचा नव्हता. सर्व गावाच्या मुलांनी त्या हातचे जेवावे, हाही होता. म्हणूनच त्याला विरोधही होतो. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण नाकारले आणि नोकरी गेली ती त्या बाईची! पुढे बोभाटा झाल्यावर तिला परत घेण्यात आले. आपल्या गावच्या शाळेत खिचडी कोण शिजविते, ती वाढताना डाव वरून सोडला जातो काय, आणि कोणती मुले ताट घेऊन घरी पळतात, हे एखाद्या दुपारी स्वतः जाऊन पाहावे.

आणि जाऊन पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असे कोणी विचारील, तर तो कायद्यानेच दिलेला आहे. २००९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक, एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, अशी तिची रचना आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे आहेत. गावच्या शाळेवर आपल्या आयाबहिणींना असा अधिकार पूर्वी कोणत्या काळी होता? आणि त्याचे आपण काय केले? पुष्कळ ठिकाणी आपल्या वस्तीतील एका पालकाचे नाव समितीत घातलेले असते, त्याला बैठकीचा निरोप मिळत नाही, आणि महिन्याअखेर इतिवृत्ताची वही त्याच्या शेतावर किंवा कामावर सहीसाठी पाठविली जाते. तो सही करतो. बाईचे नाव असेल तर सही तिचा नवरा करतो. या सह्यांच्या आधारे समिती सर्वानुमते चालते.

मजुरी बुडते, हे कारण मी हलके लेखीत नाही. ज्याच्या घरी आजच्या मजुरीवर आजची चूल पेटते, त्याला बैठकीचे महत्त्व सांगणे सोपे आणि जाणे कठीण. म्हणून बैठक संध्याकाळी घ्यावी, अशी लेखी मागणी सर्व पालकांनी मिळून करावी. विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. तेथे वंदनेनंतर अर्धा तास समितीतील आपल्या सभासदाने मागील बैठकीत काय झाले ते सांगावे, आणि पुढील बैठकीत काय विचारावयाचे ते सर्वांनी ठरवावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण किती काटेकोरपणे मागतो! त्याच्या निम्म्या काटेकोरपणाने शाळेच्या अनुदानाचा हिशेब मागितला, तर मुख्याध्यापकही आपल्याला खुर्ची देतील. तोंडी तक्रारीने भागले नाही तर त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. अर्जाची पोच घ्यावयास विसरू नये.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. आपल्यापैकी ज्यांची स्थिती थोडी सुधारली, त्यांनी पहिले काम केले ते मुलांना जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतून काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याचे. मी त्यांना दोष देत नाही. माझ्याही नातवंडांनी तेच केले आहे, तेव्हा दोष देण्याचा मला अधिकारही नाही. खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली, तेव्हा तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तोच निर्णय कायम ठेविला. हा हक्क सोडू नये, अर्ज वेळेवर भरावेत. पण शिकलेले, बोलणारे, अर्ज लिहू शकणारे पालक असे एकेक करून निघून गेले म्हणजे मागे गावच्या शाळेत कोणाची मुले उरतात? ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची, विधवा बायांची. त्यांच्या वतीने समितीत बोलावयास कोणी उरत नाही. पट घटतो, आणि घटलेला पट हेच शाळा बंद करण्याचे कारण होते. जी दारे उघडावयास आपल्या आज्या-पणज्यांची हयात गेली, ती बंद होत असताना आपण दुसऱ्या गावच्या बसथांब्यावर उभे असतो. मूल कोठेही शिकत असले तरी गावच्या शाळेच्या समितीकडे आपले लक्ष राहिले पाहिजे, एवढे तरी बंधन शिकलेल्यांनी स्वतःला घालून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, ती सांगताना लेखणी अडखळते. समतेचा आग्रह आपण वरच्याकडे पाहून धरतो. आपल्या मुलाशेजारी पाटलाचे मूल बसले पाहिजे, हे आपल्याला पटते. आपल्या मुलाशेजारी पारध्याचे मूल बसले म्हणजे मात्र आपल्यापैकीच काही आया शाळेत येऊन जागा बदलावयास सांगतात. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मुलाचे कपडे मळलेले असतात, भाषा निराळी असते, दोन महिने शाळेत तर चार महिने पालावर असे त्याचे शिक्षण चालते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपल्याविषयी याहून निराळे काय बोलले जात होते? पायाने अधू असलेल्या किंवा ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्टही अशीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकण्याचा हक्क दिला आहे. शाळेला उतार बांधला जातो, पण त्या उतारावरून वर आलेल्या मुलाला खेळात घ्यावयास आपली मुले तयार नसतात.

भगवंतांच्या संघात बसण्याचा क्रम जन्मावरून नव्हे, तर प्रव्रज्या केव्हा घेतली यावरून ठरत असे. शाक्य कुमार आणि त्यांचा न्हावी उपाली हे एकाच दिवशी दीक्षेस आले, तेव्हा त्या कुमारांनी स्वतःच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळेल. ही कथा आपण मुलांना उपाली मोठा झाला म्हणून सांगतो. ती त्या शाक्य कुमारांचीही कथा आहे, आणि गावच्या शाळेत पारध्याच्या मुलाशेजारी बसताना आपले मूल उपालीच्या जागी नसून त्या कुमारांच्या जागी असते.

या पंधरवड्यात आपल्या मुलाच्या वर्गात एकदा जावे. शिक्षकांची आगाऊ परवानगी घेऊन, नम्रपणे, पण जावे. मूल कोठे बसले आहे ते पाहावे, आणि त्याच्या शेजारी कोण आहे तेही पाहावे. हजेरी कशी घेतली जाते ते ऐकावे. घरी परत आल्यावर आज शाळेत काय शिकविले हे तर विचारावेच. त्याबरोबर आज वर्ग कोणी झाडला आणि पाणी कोणी भरले, हेही विचारावे, आणि मूल जे सांगेल ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेवावे. समितीच्या पुढच्या बैठकीला ती वही बरोबर न्यावी.